लिलावाच्या आधीची चार वर्षे

खेळाडूंचा लिलाव आता गावाच्या वेशीवर आला आहे. भात झोडून झाले, दिवाळी सरली की रत्नागिरी तालुक्यात टेनिस बॉलच्या लीगचे दिवस सुरू होतात, आणि सामन्यांच्या आधी लिलाव होतो. सभागृहात संघमालक टेबले धरून बसतात, पडद्यावर एकेका पोराचा फोटो येतो, पॉइंटमध्ये बोली चढते, आयकॉन खेळाडू आधीच वाटून दिलेले असतात आणि ज्याच्यावर कोणीच हात वर करत नाही तो अनसोल्ड म्हणून पुढच्या फेरीची वाट पाहतो. मिरजोळ्यासारख्या, एका अंगाला शहर आणि दुसऱ्या अंगाला एमआयडीसी असलेल्या गावात राहून फुटबॉलवर जीव लावणाऱ्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते, कारण देशातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल स्पर्धेनेही आपली सुरुवात अशाच वाटपाने केली. लिलाव असो की पाळीपाळीने निवड करण्याचा ड्राफ्ट, तयार खेळाडू वाटून घेण्याच्या या दोन रीती आहेत. खेळाडू तयार होण्याशी त्यांचा काही संबंध नाही, आणि आपण मात्र खेळाडूभरती म्हणजे हेच, असे धरून चाललो आहोत. क्लबची खरी भरती बारा ते पंधरा या वयात होते. तिथे कोण उभे आहे यावर त्या क्लबची आणि त्या प्रदेशाच्या फुटबॉलची किंमत ठरते, असे माझे ठाम मत आहे.

ड्राफ्ट ज्या देशात जन्मला तिथे तो शहाणपणाचा होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडले की आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाने पहिली निवड करावी, म्हणजे श्रीमंत संघ दरवर्षी सगळे चांगले खेळाडू उचलणार नाहीत. ८ फेब्रुवारी १९३६ ला पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिल्याच क्रमांकावर निवडलेल्या जे बर्वांगरने तो व्यावसायिक खेळ कधी खेळलाच नाही. त्याला दुसरी नोकरी बरी वाटली. पण पद्धत टिकली, आणि ती टिकण्याचे कारण ड्राफ्टच्या खोलीत नव्हते. त्या देशातली विद्यापीठे आणि शाळा दरवर्षी हजारो खेळाडू वाढवत होती. मैदाने, प्रशिक्षक, वसतिगृहे, सामने हा सगळा भार शिक्षणव्यवस्थेने उचललेला होता, व्यावसायिक संघाने शेवटी येऊन फक्त नाव पुकारायचे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलने १९८६ मध्ये ड्राफ्ट सुरू केला, तेव्हा त्याच्याही मागे गावोगावचे कनिष्ठ क्लब होते. त्यांनी एक खिडकीही उघडी ठेवली. ज्या क्लबकडून बाप पुरेसे सामने खेळला, त्याच्या मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. २०२१ मध्ये निक डायकोस कॉलिंगवूडकडे गेला तो याच नियमाने. खेळाडू आणि क्लब यांच्यात काही जुने नाते असू शकते, हे ड्राफ्ट चालवणाऱ्यांनीही मान्य केले होते.

आपण यातले फक्त शेवटचे दृश्य उचलले. इंडियन सुपर लीगसाठी जुलै २०१४ मध्ये मुंबईत दोन दिवस ड्राफ्ट झाला आणि ८४ भारतीय खेळाडू वाटले गेले. २०१५ मध्ये दहा निवडक खेळाडूंचा लिलाव झाला. सुनील छेत्रीला मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतले, युजेनसन लिंग्डोला पुण्याने १ कोटी ५ लाखांना. जुलै २०१७ च्या ड्राफ्टमध्ये नव्या जमशेदपूरने १ कोटी १० लाखांच्या अनस एडाथोडिकाचे नाव पुकारले. या पद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की तिने संघ समतोल झाले. दिसते तसे नाही. ड्राफ्ट आणि लिलावाच्या त्या काळातल्या चार मोसमांत विजेते झाले फक्त दोन संघ: २०१४ ला कोलकाता, २०१५ ला चेन्नई, २०१६ ला पुन्हा कोलकाता, २०१७-१८ ला पुन्हा चेन्नई. ड्राफ्ट बंद होऊन खुला बाजार आला, आणि पुढच्या चार मोसमांत बंगळुरू, कोलकाता, मुंबई आणि हैदराबाद असे चार वेगळे विजेते झाले. यावरून खुला बाजार समता आणतो असे मी म्हणणार नाही. परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा वाटा मोठा होता, आणि चार मोसमांवरून नियम काढता येत नाही. पण ड्राफ्टमुळे समतोल आला हा दावा या नोंदीपुढे उभा राहत नाही, एवढे नक्की. पहिली काही वर्षे स्पर्धा दोन-अडीच महिन्यांत आटपत असे. इतक्या दिवसांसाठी जमलेला संघ बारा वर्षांच्या मुलाकडे पाहणार तरी कशाला?

याच्या उलट काय घडू शकते ते ३० एप्रिल २०१७ ला दिसले. त्या दिवशी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली, मोहन बागानपेक्षा फक्त एका गुणाने पुढे राहून. मिझोराम हे लोकसंख्येने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून लहान राज्य. आदल्या मोसमात हा संघ खालच्या विभागात गेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे त्याला परत घेण्यात आले होते. त्याचा पाठीचा कणा असलेली पोरे मिझोरामच्या स्थानिक लीगमध्ये वाढलेली होती. महाराष्ट्राने या कथेकडे नीट पाहायला हवे, कारण तिचा अर्धा भाग आपला आहे. प्रशिक्षक खालिद जमील हे सात वर्षे मुंबई एफसी सांभाळून तिथून बाहेर पडलेले. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे त्यांच्याबरोबर मुंबईत खेळलेले, गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचा. खालिद यांना या मुलांची ओळख कुठल्या यादीतून झालेली नव्हती. कोण कुठल्या बाजूला वळताना अडतो, कोणाला पिछाडीवर असताना धीर राहतो, हे त्यांना मुंबईतल्या सरावातून माहीत होते. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली आणि पुढे बंदच पडली. ज्या शहराकडे हे ज्ञान होते त्याने ते सोडून दिले, आणि डोंगरातल्या एका क्लबने ते जपून वापरले. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते तोवर २०१७ चा ड्राफ्ट आला आणि राणे, मेहता कोलकात्याकडे, गोम्स दिल्लीकडे गेला. खेळाडूंची मिळकत वाढली, ते योग्यच झाले. ज्या क्लबने त्यांना विजेते केले त्याचा संघ मात्र विस्कटला.

क्लब मेला की नुसता गणवेश जात नाही, ही ओळखही जाते. महाराष्ट्राने हे नुकसान अनेकदा सोसले आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीने युवा संघांवर मेहनत घेतली, त्या मुलांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, आणि तो क्लबही गेला. भारत एफसी आय-लीगचा एकच मोसम खेळला, डीएसके शिवाजियन्स दोन. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये हैदराबादचाही मुक्काम हलून दिल्लीला गेला. स्पर्धेतली एक जागा अशी शहरे बदलत फिरू शकते, कारण ती कुठल्याच मातीत रुतलेली नसते. ज्या क्लबचे साठ-सत्तर मुलगे आसपासच्या शाळांतून येतात, त्याला रातोरात उचलून नेणे मालकालाही जड जाते. ज्याचे सगळे खेळाडू लिलावातून आलेले आहेत, त्याला एक टेम्पो पुरतो.

मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे मासळीचा लिलाव होतो. बोली कितीही चढली तरी समुद्रात एक मासा वाढत नाही, जाळ्यात आलेली मासळी कोणाच्या टोपलीत जाणार एवढेच तिथे ठरते. म्हणून तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवून माशांच्या पैदाशीला वेळ देण्याचा कायदा आहे. फुटबॉलमध्ये असा विचार कोणी केलाच नाही असे नाही. खेळाडूचे हस्तांतर एका देशातून दुसऱ्या देशात झाले, तर त्या रकमेतला ५ टक्के भाग त्याला बारा ते तेवीस या वयात शिकवणाऱ्या क्लबांना वाटावा, असा फिफाचा नियम २००१ पासून आहे. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, पुढच्या आठ वर्षांसाठी दरवर्षी अर्धा टक्का. हिशेब मांडून पाहावा. मिरजोळ्यातला एखादा मुलगा ती चार वर्षे इथल्या नोंदणीकृत क्लबात खेळला आणि पुढे कधी एक कोटीला परदेशी गेला, तर त्या क्लबला एक लाख रुपये मिळतील. एक लाख ही मोठ्या क्लबांच्या दृष्टीने नगण्य रक्कम. इथे त्यातून चेंडू, जाळ्या आणि प्रशिक्षकाचे येण्याजाण्याचे भाडे निघते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी संध्याकाळी उन्हे कलल्यावर मुलांना पळवले त्यांची दखल कागदावर येते. देशातल्या देशात कोणाला काय मिळावे, हे ठरवणे राष्ट्रीय संघटनेच्या हाती असते, आणि चाहत्यांनी आग्रह धरायचा तो याच नियमाचा. ड्राफ्टमध्ये तर हस्तांतराची रक्कमच नसते. खेळाडूला मानधन ठरते, तो एका टेबलावरून पुकारला जातो आणि त्याच्या मागे राहिलेल्या मैदानाचा व्यवहारात उल्लेखही होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रोकडा असतो: कोकणात फुटबॉल आहे कुठे? क्रिकेट आहे, कबड्डी आहे, खो-खो आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सपाट जमीन कमी, आणि जी मोकळी आहे ती जांभ्याचा सडा. आक्षेपात तथ्य आहे. पण सड्यावर खेळणाऱ्या मुलाकडे जवळून पाहिले तर वेगळेही काही दिसते. इथे घसरून चेंडू काढता येत नाही, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी सोलवटते. म्हणून तो मुलगा आधीच चेंडूच्या वाटेत जाऊन उभा राहायला शिकतो. चेंडू कातळावर कसाही उडतो, म्हणून तो पहिल्या स्पर्शाला तळव्याने दाबून धरतो. हाच मुलगा तीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून मुंबईच्या हिरवळीवर वीस मिनिटांच्या चाचणीला उतरला, तर निवड करणाऱ्याला तो कचरणारा आणि संथ वाटेल. त्याला इथे येऊन, चार वेळा, दोन मोसमांत पाहणारा माणूस हवा. तो नाही, म्हणून कोकणात फुटबॉल नाही असे दिसते.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे कोणी म्हणू नये. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात आला, त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभरातल्या शाळांत लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावले. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा प्रोजेक्ट महादेवाची मुले त्याच्यासमोर उभी होती: राज्यभरातून चाचण्या घेऊन निवडलेले तेरा वर्षांखालचे साठ मुलगे-मुली, पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीसह. त्या साठ घरांचा आनंद खरा आहे आणि योजना चालू राहावी असे मला मनापासून वाटते. पण हीही शेवटी निवडच आहे. तेराव्या वर्षी चाचणी घेतली की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली, लवकर उंच झालेली मुले पुढे येतात, हा जगभरच्या अकादम्यांचा अनुभव आहे. शेफील्ड वेन्सडेने जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडले. तो पुढे कारखान्यात काम करत स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या क्लबात आठवड्याला तीस पौंडांवर खेळत राहिला आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर इंग्लंडचा विजेता झाला. त्याला वाचवले ते छोट्या क्लबांच्या जाळ्याने. एमआयडीसीत पाळी संपवून खेळू पाहणाऱ्या मिरजोळ्याच्या सतरा वर्षांच्या मुलाला तसा क्लब कुठे सापडेल? साठ निवडण्यापेक्षा न निवडलेल्या हजारोंना खेळत ठेवणे अवघड आहे, आणि भरतीचे खरे काम ते आहे.

आंबा घाट चढून कोल्हापुरात गेले की हे जाळे महाराष्ट्रात शक्य आहे याची खात्री पटते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल ही नावे पेठांची आणि तालमींची आहेत. कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या मंडळांनी फुटबॉल आपला केला. शाहू स्टेडियममध्ये स्थानिक सामन्याला जेवढी माणसे बसतात तेवढी अनेक मोठ्या लीगना मिळत नाहीत. पेठेतले पोर आपल्या तालमीचा शर्ट घालण्याचे स्वप्न पाहते, त्याला भरतीची जाहिरात लागत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तरीही इतकी वर्षे, इतके प्रेम असूनही, कोल्हापूरचे देशपातळीवर पोहोचलेले खेळाडू मोजकेच निघतात. पेठांतली ईर्ष्या कधी हाणामारीपर्यंत जाते, बाहेरून पैसे देऊन आणलेल्या खेळाडूंमुळे स्थानिक मुलगा बाकावर बसतो, आणि वरचे क्लब तिथे क्वचितच डोकावतात. कोल्हापुराने पाया घातला आहे, त्यावर वरचा मजला चढवणारे हात मात्र आलेले नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. प्रदेशाशी बांधलेली भरती म्हणजे भूमिपुत्रांचा हट्ट नाही का, फुटबॉल तर जगभर हिंडणारा खेळ आहे? इथे जन्म आणि वाढ यांत फरक करायला हवा. बिल्बाओचा अॅथलेटिक क्लब फक्त बास्क प्रदेशातले खेळाडू घेतो. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना वगळता स्पेनच्या पहिल्या विभागातून कधीही खाली न गेलेला तो एकटाच क्लब, आणि २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी त्याने राजाचा चषकही जिंकला. त्या क्लबचा लाडका इनाकी विल्यम्स हा घानाहून आलेल्या आईबापांचा मुलगा. तिथे वाढला म्हणून तो त्यांचा. मिरजोळ्यात हा नियम लावला तर उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांची, भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुले पहिल्या दिवसापासून इथली ठरतील. माझी मागणी कोणाला बाहेर ठेवण्याची नाही. जो इथे वाढतो आहे त्याच्याकडे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्याची आहे. सज्ञान झालेल्या खेळाडूने कुठे खेळायचे ते त्याने ठरवावे. उलट ड्राफ्टच त्याचा हा हक्क काढून घेतो. तू अमुक शहरात नोकरी करशील असे पाळी लावून ठरवलेले कुठल्याही इंजिनिअरला चालणार नाही.

लिलावाने खेळाडूंना पैसा आणि मान दिला, हेही कोणी सांगेल, आणि ते खरे आहे. प्रो कबड्डीच्या २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१९ मध्ये चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. गावाकडच्या मुलाच्या घामाचे मोल असे उघडपणे ठरले याचा मला आनंद आहे, आणि फुटबॉलपटूंना त्याहून अधिक मिळावे. मात्र तो आकडा सगळ्यांना पाठ आहे, तो खेळाडू ज्या मैदानावर घडला त्याचे नाव सांगणारे थोडे. पैसा वरून खाली झिरपेल, अशी आशा धरून आपण बसलो आहोत. २०२५ मध्ये सुपर लीगच रखडली आणि क्लबांनी कामकाज थांबवले, तेव्हा वरचा नळ बंद झाला तर खाली काय उरते ते दिसले. उरते ते तालमीचे, शाळेचे, गावच्या मंडळाचे मैदान.

म्हणून रत्नागिरी तालुक्यातल्या संघमालकांना आणि मंडळांना माझी एक विनंती आहे. या दिवाळीनंतर लीगचा लिलाव ठेवाल तेव्हा एक अट घाला: बारा ते पंधरा वयाची चार मुले ज्याने आपल्या मंडळाच्या नावावर रीतसर नोंदवली असतील आणि त्यांना आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदान, चेंडू आणि शिकवणारा माणूस दिला असेल, त्यालाच बोली लावता येईल. क्रिकेटसाठी नोंदवा, कबड्डीसाठी नोंदवा, आणि निदान एका मंडळाने फुटबॉलसाठी नोंदवा. जिल्हा संघटनेकडे अर्ज करा, मुलांच्या जन्मतारखा आणि मोसम लिहून ठेवा, पालकांच्या सह्या घ्या. दहा संघ असतील तर चाळीस मुले होतात, आणि त्यांची नोंद करायला एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरेसा आहे.